तिसऱ्यांदा विचारा

अमेरिकेच्या पार उत्तरेला आमच्या नॉर्बी गावात साप्ताहिक बुधवारी येतं आणि लोक ते उलटं वाचतात. आधी मागचं पान, त्या पानावरचं माझं सदर, आणि सदरातही सगळ्यात शेवटी असलेली पाककृती. मग हळूहळू वर चढतात. या आठवड्यात मी काय पाहिलं, काय ऐकलं, टीव्हीवरच्या कुणाचा मला राग आला, हे त्यांना वाटेत लागतं म्हणून ते वाचतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. चर्चमध्येसुद्धा निम्मे लोक तळघरातल्या कॉफीसाठी येतात आणि पाद्रीबाबांना ते ठाऊक असतं.

सदराचं नाव ‘भांडी वाळेपर्यंत’. नाव अगदी खरं आहे. गावाच्या टोकाला वृद्धांचं होम आहे, तिथे मी स्वयंपाकी आहे. रविवारचं दुपारचं जेवण उरकून मोठी पातेली पालथी घातली, की ती वाळेपर्यंत मला कुणी हाक मारत नाही. तेवढ्यात मी स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या टेबलावर लिहून टाकते. एका आठवड्यात माझे गुडघे, दुसऱ्यात शाळेतल्या पोरांनी बर्फ काढायच्या गाडीला ठेवलेलं नाव, तिसऱ्यात ती मालिका, जिच्यात श्रीमंत बायका रागावल्या की एकमेकींच्या अंगावर वाइन फेकतात आणि नंतर फरशी पुसताना कुणीच दिसत नाही. माझा नवरा वेंडेल म्हणतो, "लव्हॉन, तुला सगळ्याचाच राग येतो." सगळ्याचा नाही येत. ज्याचा यायला हवा त्याचा येतो.

यंदाच्या मे महिन्यात मात्र राग असा आला, की लिहूनही उतरेना.

होम गेल्या वर्षी दक्षिणेतल्या एका कंपनीनं विकत घेतलं. कंपनीचा माणूस ट्रेंट केसलर. टेक्सासचा. त्याची पिकअप गाडी इतकी चकचकीत, की तिच्यात कधी चाऱ्याची काडी चढली नसणार, आणि तोंडात मॅडमशिवाय वाक्य नाही. मी बटाटे सोलत होते तेव्हा तो आत आला आणि दाराशीच उभा राहून म्हणाला, की एक जुलैपासून हे स्वयंपाकघर बंद. जेवण शहरातून गोठवलेल्या ट्रेमधून येईल, इथे फक्त गरम करायचं.

"तुमच्या नोकरीची काळजी करू नका, मॅडम. ट्रे गरम करायला कुणीतरी लागणारच आहे."

"आणि खाणाऱ्यांचं काय?" मी विचारलं.

"त्यांच्यावर आम्ही काहीच लादत नाही. मी स्वतः एकेका खोलीत जाऊन विचारलंय. रोज ताजा स्वयंपाक हवाच आहे, की काही सोपं केलं तर चालेल? एकानंही हो, हवाय, असं म्हटलं नाही."

"मग काय म्हणाले?"

"‘छे छे, आमच्यासाठी एवढा त्रास कशाला!’ सगळ्यांचं हेच. शब्दसुद्धा जवळपास हेच. तुमच्या आईंनीही हेच सांगितलं, मॅडम."

मला आधी हसू फुटलं. मग हातातला बटाटा मी पातेल्यात आपटला.

कारण आमच्याकडे पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणायची पद्धतच नाही. पहिलं ‘नको’ हे हात जोडण्यासारखं असतं, तेवढं करायचंच. दुसरं ‘नको’ म्हणजे हवंय, पण मी हावरट नाही. तिसऱ्यांदा विचारलं, की ‘बरं, तू एवढं म्हणतेसच तर घोटभर दे’, आणि मग काठोकाठ कप. लहान मुलांनासुद्धा हे शिकवावं लागत नाही. माझे काका एकदा हिवाळ्यात गाडीसकट खड्ड्यात गेले होते. मदतीला थांबलेल्या दोन गाड्यांना त्यांनी काच खाली करून सांगितलं, "तुम्ही निघा, निघा, माझं इथे बरं चाललंय." तिसरी गाडी थांबली म्हणून ते वाचले. याबद्दल त्यांना गावात कुणी वेडं म्हटलं नाही.

आणि या केसलरनं एकदा विचारलं, ‘नको’ ऐकलं आणि खोलीबाहेर पडला.

दुपारी मी आईच्या खोलीत गेले. माझी आई बोर्गहिल्ड याच होममध्ये राहते. गेल्या हिवाळ्यात ती आजारी पडली आणि तिनं खाणंच टाकलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन तयारीत राहायला सांगितलं होतं. मी तयारीत राहिले नाही. रोज सकाळी दालचिनी आणि लोणी घालून भाताची खीर केली, तिच्या दारात जाऊन उभी राहिले आणि विचारलं. नको म्हणाली. पुन्हा विचारलं. पुन्हा नको. तिसऱ्यांदा विचारलं की ती दोन चमचे घ्यायची. मग चार. वसंत आला तोवर वाटी पुसून खायला लागली. ट्रे काही कुणाच्या दारात उभा राहून तीनदा विचारत नाही.

"आई, तू त्या माणसाला नको म्हणालीस?"

"मग काय हो म्हणू? परका माणूस, पहिल्यांदाच दारात आलेला."

"अगं, पण तुला शहरातून आलेलं, गोठवलेलं जेवण चालणार आहे?"

"मुळीच नाही." तिनं मांडीवरचं पांघरूण सारखं केलं. "पण तो परत विचारेल ना, तेव्हा सांगेन."

"तो परत नाही विचारणार."

"असं कसं? विचारतातच."

ती इतके दिवस त्याची वाट बघत बसली होती. तिसऱ्या वेळी काय म्हणायचं तेही ठरवून ठेवलं होतं तिनं. "‘तुम्ही एवढं म्हणताच आहात तर राहू द्या स्वयंपाकघर’, असं म्हणणार होते," ती म्हणाली. मी तिच्या समोर रडले नाही. बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन भिंतीला एक लाथ घातली. पाय दोन दिवस दुखला आणि भिंतीला काही झालं नाही.

त्या रविवारी मी सगळं लिहिलं. केसलर, ट्रे, पहिलं नको, दुसरं नको, आणि आईनं ठरवून ठेवलेलं वाक्य. खाली नेहमीप्रमाणे पाककृती, खिम्यावर बटाट्याचे कुरकुरीत गोळे लावलेलं हॉटडिश. कर्टिस हाउग्लीला नेऊन दिलं. कर्टिस आमचा संपादक. तोच बातम्या लिहितो, तोच फोटो काढतो, तोच अंकांचे गठ्ठे दुकानांत टाकून येतो. लहानपणी चर्चच्या शाळेत मी त्याला शिकवलंय.

त्यानं वाचलं आणि त्याचे कान लाल झाले. "लव्हॉन, हे नाही छापता येणार."

"का रे? खोटं आहे?"

"खोटं नाही. पण कंपनीची पानभर जाहिरात असते दर आठवड्याला. तू टीव्हीचं लिही, जेवणाचं लिही, तुझे ते गुडघे लिही. लोकांना वाद नको असतात."

"लोकांना कितीदा विचारलंस?"

"काय?"

"वाद नकोत असं लोक म्हणाले ना? कितीदा विचारून म्हणाले?"

त्यानं माझे कागद खणात टाकले. बुधवारी अंक आला त्यात हॉटडिश होतं आणि बाकी सगळं छाटलेलं. माझ्या नावाखाली एवढंसं काहीतरी, धुऊन आटलेल्या लोकरी स्वेटरासारखं. दहा वाजता आर्डिसचा फोन. आर्डिस माझी नणंद. दर बुधवारी ती माझी चूक काढते, आणि तिचा फोन आला नाही तर मलाच चुकल्यासारखं होतं.

"कांदा कधी घालायचा ते लिहिलंच नाहीस!" ती ओरडली. "मी खिमा परतून बसलीये इथे."

"आर्डिस, सदर अर्धंच छापलंय. तुझ्या लक्षात आलं?"

"हो का? मला वाटलं, तू दमली असशील. ते जाऊ दे, कांदा आधी की नंतर?"

मी तिला सांगितलं, आधी. आणि फोन ठेवता ठेवता माझ्या डोक्यात उजेड पडला. या गावातून स्वयंपाकघर नेलं तर कुणी हूं की चूं करणार नाही, पण पाककृतीतला कांदा नेला तर दहा वाजता फोन वाजतो. ठीक आहे. मग कांद्यालाच हात घालायचा.

पुढच्या रविवारी मी अगदी शहाण्यासारखं लिहिलं. तळ्यावर मासेमारी सुरू झाली त्याचं लिहिलं, आणि दरवर्षी पहिल्या दिवशी होडीतून पडणारे यंदाही पडले हेही. टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धेचं लिहिलं, तिथे परीक्षक एक घास चाखून बाकीची थाळी परत पाठवतात. आमच्याकडे असं कुणी केलं असतं तर त्याला पुढच्या तीन अंत्यविधींच्या जेवणाला बोलावलं नसतं. आणि शेवटी लिहिलं:

‘या आठवड्याची पाककृती: माझ्या आईच्या रुबार्बच्या वड्या. मापं छापायची नाहीत, असं आईनं मला बजावलंय. म्हणून गुरुवारी तीन वाजता होमच्या जेवणघरात मी ती तोंडी सांगेन. वड्याही असतील.’

आईच्या रुबार्बच्या वड्या म्हणजे काय, हे नॉर्बीत कुणाला सांगावं लागत नाही. खाली लोण्याचा खुसखुशीत थर, वर रुबार्बचे आंबट, लाल देठ घातलेलं घट्ट कस्टर्ड. बायकांनी आयुष्यभर आईच्या मागे लागून पाहिलं, आणि तिनं प्रत्येकीला काही ना काही वगळूनच सांगितलं. कर्टिसनं ओळ वाचली आणि खूश होऊन छापली. गुरुवारी तीन वाजता तिथेच कंपनीची कुटुंबीयांसोबतची बैठक आहे, हे त्याच्या लक्षात आलं नाही. येणार कसं? कंपनीनं तिचा कागद कोट टांगायच्या खुंट्यांमागे लावला होता.

अशा बैठकीला एरवी पाद्रीबाबा आणि त्यांचा कुत्रा येतो. त्या गुरुवारी गाड्या पार रस्त्यापर्यंत लागल्या. होममधले सगळे म्हातारे खुर्च्यांवर, चाकाच्या खुर्च्यांवर, त्यांची मुलं, सुना, आणि ज्यांचं इथे कुणीच नाही अशाही बायका. पहिल्या रांगेत आर्डिस, पेन काढून. गळ्यात नेहमीचा कॅमेरा अडकवून कर्टिसही आला होता. बायकोनं त्याला पाककृती लिहून आणायला पाठवलं होतं. आई पुढच्या टेबलापाशी, निळा स्वेटर घालून.

केसलरला आनंद लपवता येईना. "एवढा उत्साह!" म्हणाला, आणि पडद्यावर ट्रेची चित्रं लावली. कोंबडीचा तुकडा, वाटाणे, पिवळं काहीतरी. पुढच्या चित्रात पुन्हा तेच, फक्त पिवळ्याच्या जागी नारिंगी. तो बोलत होता तोवर वड्यांचे ट्रे फिरत होते, आणि तसेच रिकामे होत होते जसे आमच्याकडे होतात. शेवटची वडी राहिली की कुणीतरी तिची अर्धी करून अर्धी घेतो. पुढचा उरलेल्याची अर्धी. मग पाव. शेवटचा तुकडा आमच्याकडे कुणी खात नाही. तो झाकून घरी नेतात आणि कोंबड्यांना घालतात.

"कुणाला काही आक्षेप?" केसलरनं विचारलं.

सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मूग गिळून बसणं म्हणजे काय ते पाहायचं असेल तर नॉर्बीला या. एकेकाच्या चेहऱ्यावर दिसत होतं, की आक्षेप आहे, घशापर्यंत आलाय, पण पहिल्यांदाच विचारल्यावर तो काढायचा कसा?

मी कॉफीची किटली घेऊन उभी राहिले. "मिस्टर केसलर, माझ्या आईला तुम्ही कितीदा विचारलंत?"

"एकदा, मॅडम. एकदा पुरतं."

"इथे नाही पुरत. बघा." मी आईकडे वळले. "आई, कॉफी?"

"नको गं," आई म्हणाली.

"थोडीशी?"

"उगाच तुला त्रास."

"केलेलीच आहे, आई. घे."

"बरं, तू एवढं म्हणतेसच तर," म्हणून आईनं कप पुढे केला, आणि मी काठोकाठ भरला. लोक हसले. आपलंच बिंग दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर माणसं जशी लाजून हसतात तशी. "आता तुम्ही विचारा," मी केसलरला म्हटलं.

तो बिचारा खेळीमेळीनं पुढे आला. "बोर्गहिल्ड मॅडम, तुम्हाला हे स्वयंपाकघर हवंय का?"

"छे, माझ्या एकटीसाठी कशाला."

त्यानं आमच्याकडे बघून हात पसरले.

"परत विचारा," मी म्हटलं.

"खरंच हवंय का, मॅडम?"

"तुम्हाला उगाच खर्चात कशाला पाडू," आई म्हणाली, आणि ताठ बसली. तिच्या ओठांवर ते ठरवलेलं वाक्य येऊन थांबलेलं मला दिसत होतं. आर्डिसचं पेन हवेत.

केसलरनं एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे, एकदा त्या गर्दीकडे पाहिलं. त्याला कळलं. मूर्ख नव्हता तो. त्यानं संगणकाचं झाकण मिटलं. "मॅडम, मी इथे खेळ खेळायला आलेलो नाही. दोनदा विचारलं, दोनदा स्पष्ट उत्तर मिळालं. सगळ्यांचे आभार." आणि तारा गुंडाळायला लागला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

आई टेबलाला धरून उभी राहिली होती. "लव्हॉन," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एखाद्या लहान मुलीसारखा झाला होता, "तो तिसऱ्यांदा विचारत नाहीये गं."

"नाही, आई."

मग ती वाकली, ट्रेमध्ये उरलेला वडीचा शेवटचा, अंगठ्याएवढा तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. सगळ्यांच्या देखत. आर्डिसच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. आईनं तो सावकाश चावून खाल्ला, रुमालानं ओठ पुसले.

"मला हवंय," ती म्हणाली. "कुणी विचारत नाहीये, तरी सांगते. मला हे स्वयंपाकघर हवंय. सकाळी गरम खीर हवी. शिजतंय त्याचा वास खोलीपर्यंत यायला हवा, म्हणजे मला कळतं की दिवस उजाडला. आणि तुमचा ट्रे मला नको. हे ‘नको’ पहिलं नाही आणि दुसरंही नाही. माझ्याकडे याच्यापुढे ‘नको’ शिल्लक नाही."

केसलरच्या हातात तार तशीच राहिली.

मग मागून ऑर्व्हिल स्टेन्सरूडनं, ज्याला धड ऐकूही येत नाही, काठी आपटली. "बोर्गहिल्ड म्हणतेय तेच माझं!" मग त्याच्या शेजारची. मग खिडकीपाशी बसलेल्या दोघी बहिणी, एकदम, एका सुरात. ज्या माणसांनी आयुष्यात कधी पहिल्या हाकेला हो म्हटलं नव्हतं, ती न विचारता बोलत सुटली. काही जण रडत होते. मीही रडत होते, आणि मला त्याची लाज वाटली नाही. सगळ्यात शेवटी आर्डिस उठली. "माझंही नाव घ्या. मी इथे राहत नाही. पण एक दिवस राहणार आहे, आणि तेव्हा मला माझ्या भावजयीच्या हातचं लागेल. तिला कांदा कधी घालायचा ते ठाऊक आहे."

केसलर म्हणाला, की तो वर कळवेल. पुढच्या बुधवारी आईचा फोटो पहिल्या पानावर होता, वडी तोंडाशी नेतानाचा, आणि माझं सदर पूर्ण. कंपनीनं जाहिरात काढून घेतली. त्या मोकळ्या पानावर कर्टिसनं वड्यांची कृती छापली, घोड्याएवढ्या अक्षरांत, आणि आईनं यावेळी काहीही वगळलं नव्हतं. आर्डिसनं फोन केला, की साखर जास्त आहे.

स्वयंपाकघर बंद करायचं त्यांनी पुढे ढकललंय. रद्द नाही, पुढे. हिवाळ्यात पुन्हा कुणीतरी येईल म्हणे, दुसरा माणूस, दुसरी चित्रं घेऊन. येऊ दे. एक जुलै येऊन गेला आणि त्या सकाळी खीर उतू गेली, तिचा वास पार पुढच्या दारापर्यंत पोचला होता.

आज रविवार. पातेली पालथी आहेत, आणि मी लिहायला बसण्याआधी आईकडे कॉफीची किटली घेऊन गेले. ती खिडकीपाशी बसली होती.

"आई, कॉफी?"

"हो," आई म्हणाली.

मी किटली हातात धरून तशीच उभी. ‘थोडीशी?’ जिभेवर येऊन राहिलं होतं आणि त्याच्यामागे ‘केलेलीच आहे’ उभं होतं. जन्मभराची सवय; त्या दोन वाक्यांचं करायचं काय तेच मला सुचेना.

"बघत काय उभी राहिलीस?" आई म्हणाली. "कप भर. आणि साय घाल, गेल्या खेपेला विसरलीस."